चौपन्न

कॉर्क शहरात ली नदी दोन फाट्यांनी शिरते
आणि गाव संपता संपता पुन्हा एक होते.
फीअख्रा ओ'मॅहनीची नोकरी पाण्याची उंची वाचण्याची:
पुलाखालची पट्टी, भरतीची वेळ, वरच्या धरणाचा निरोप,
सगळं वहीत, पेन्सिलीनं,
कारण शाई भिजते.

आज खिशात तीच वही.
समोर काचेच्या पेटीत मुलगी,
सव्वीस आठवड्यांची, सातशे ऐंशी ग्रॅम,
दुकानातल्या साखरेच्या पुड्याहून हलकी.
नाव अजून नाही. फळ्यावर खडूनं
'गॉबनिटचं बाळ'.

कपाळावर मऊ पट्टी,
पट्टीच्या पोटात दिवा, त्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही.
"लहानपणी टॉर्च तळहाताला लावायचास ना?"
नर्स डर्व्हला म्हणाली,
"बोटं लाल व्हायची? तसंच.
हाड पातळ आहे. उजेड आत जातो,
रक्ताला विचारतो, प्राणवायू किती उरलाय,
आणि बाहेर येऊन सांगतो.
पंचावन्न ते पंच्याऐंशीच्या मध्ये असली
की आपण चहा प्यायचा."

तिसऱ्या मिनिटाला बेचाळीस होती.
पाचव्याला सत्तावन्न.
दहाव्याला एकाहत्तर, आणि खरंच चहा आला,
तो कुणी प्यायलं नाही.

रात्री पावणेतीन. बासष्ट.
तीन. एकोणसाठ.
तीन दहा. चौपन्न.

पायाला बांधलेलं दुसरं यंत्र
निवांत ब्याण्णव दाखवत होतं,
जणू डोकं म्हणजे परगाव,
तिथली खबर इथवर पोचतच नाही.

डॉक्टर अल्टन आला, एका बुटाची नाडी सुटलेली.
टाचेतून थेंबभर रक्त घेतलं, वाट पाहिली, वाचलं.
फीअख्राच्या घशात एकच शब्द: वाढवा.
अल्टननं यंत्राचे श्वास
मिनिटाला पन्नासवरून चाळीसवर आणले.

"कमी?"
"कमी. आपण तिला जास्तच श्वास देत होतो.
कार्बन डायऑक्साइड फार उतरला
की मेंदूकडच्या वाहिन्या आखडतात."

नदीचं त्याला ठाऊक होतं.
पाणी उतरलं म्हणजे दर वेळी
पाऊस कमी पडलेला नसतो;
कधी वरती कुणीतरी
दार ओढून घेतलेलं असतं.

पंचावन्न.
परत चौपन्न.
चौपन्न.
इथे पेन्सिलीचं टोक मोडलं.
डर्व्हलानं आपलं निळं पेन पुढे केलं,
त्यानं मान हलवली,
नखानं लाकूड सोलत बसला.
टोक निघेतो सहासष्ट.
मधले आकडे वहीत नाहीत.

मी ज्या भाषेत हे लिहिते आहे
तिच्यात पाचव्या रात्री सटवाई येते,
बाळाच्या कपाळी लिहून जाते.
ते पुसता येत नाही,
आणि वाचायला तर कुणालाच येत नाही.
ली नदीच्या काठी तिची ओळख नाही.
इथे त्याच जागी एक पट्टी बसली आहे
जिला लिहिता येत नाही.
ती वाचते, तेही या घटकेचं.
पुढचं विचाराल तर गप्प.

चौथ्या सकाळी पट्टी काढली.
डोक्याची सोनोग्राफी पाहून अल्टन म्हणाला,
"आतापर्यंत ठीक."
फीअख्रानं 'ठीक' लिहिलं,
मग थांबून, त्याच्या आधी, बारीक अक्षरात,
'आतापर्यंत'.

गॉबनिटला चाकाच्या खुर्चीतून आणलं.
तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही.
"हिला गार तर लागत नाही ना?"
आणि मग, कपाळावरचा चौकोनी वळ बघून,
"हे काय?"

तो वही चाळू लागला,
तीन दिवस, बेचाळीसपासून,
कुठून सांगायचं ते सापडेना.
तिनं काचेच्या भोकातून हात घातला,
एक बोट त्या वळापाशी नेलं,
टेकवलं नाही.

बाहेर भरती लागली होती.
आज ती दुसरंच कुणीतरी मोजत होतं.