खांब क्रमांक चार

ओकच्या खांबातून ड्रिल
पेन्सिलीएवढा तुकडा काढतं.
वारसा खात्याचा माणूस वलयं मोजतो:
सतराशे त्रेचाळीसच्या हिवाळ्यात पाडलेलं झाड.
गेशे ल्यूमान भोकात करंगळी घालून बघते.
आत अजून गार.

एल्बकाठी एकाच छपराखाली गाई, गवत, माणसं.
धुराडं नव्हतंच; धूर वाट फुटेल तिकडे जायचा,
वाशांना काजळी, मांसाला चव.

खिडक्या बदलायच्या नाहीत, तो सांगतो,
शाकारायला बोरूच हवा.
पैशांचं पुढच्या पत्रात.

मग लिहितो: खांब क्रमांक चार,
कमरेच्या उंचीवर झीज. दुरुस्ती आवश्यक.

"झीज कसली," ती म्हणते,
"आल्मुट आहे ती.
अकरा वर्षं इथंच मान घासायची."

तो खिशात खोडरबर चाचपतो.
'दुरुस्ती' पुसतो.
आल्मुट कसं लिहायचं, विचारतो.