मागं बघ

मुंजाजी सरांनी बोअरच्या काळ्या पाइपाचा
सव्वा वीत तुकडा कापला,
दोन्ही तोंडं कानशीनं घासली,
म्हणाले, ही घ्या तुमची बॅटन.
वसमतच्या मोंढ्यात सकाळभर हळद निवडून
वैजंता सरावाला यायची.
तिचे हात लागले तेव्हापासून ती पिवळी.
कितीही धुतली तरी
बोटांच्या जागा उरायच्या.

चार बाय शंभरला मागं बघायचं नसतं, सर सांगायचे,
हात मागं करायचा अन् भरवशावर सुटायचं.
हाक आली की मूठ मिटायची.
चार बाय चारशेचं तसं नाही, माय.
येणारी पोरगी अख्खी आटून आलेली असती.
तिच्या पायात काय उरलंय
ते तुला तिच्या तोंडावर वाचावं लागतंय.
बघ. मान मोडेस्तोवर बघ.
ती देणार नाही, तू घ्यायचंय.

आमच्या घरी उलटं शिकवलेलं:
निघाल्यावर मागं वळून बघू नये,
काम होत नाही.

परभणीचं मैदान, डिसेंबर,
काळ्या मातीवर फक्कीच्या रेघा,
सकाळच्या दवानं थोड्या फुगलेल्या.
पहिली नुसरत. भावाची पँट, कमरेला नाडा.
टिटवी रानात पळते तशी पळायची,
पाय दिसायचे नाहीत आणि मान हलायची नाही.
दुसरी वैजंता कऱ्हाळे.
तिसरी मी.
चौथी करुणा खिल्लारे, फोटो असला तर तिचा,
कारण फीत तिच्या छातीला लागणार.
तिसरीचा फोटो कुणी काढत नाही.
तसा दुसरीचाही नाही.

पलीकडच्या सरळीत वैजंतानं
दोघींना मागं टाकलं
तेव्हा सरांनी टोपी हवेत फेकली,
ती कुणाच्या तरी चहात पडली.
मग शेवटचं वळण.
तिथं प्रत्येकीच्या आत काहीतरी बंद पडतं,
खांदे कानांपर्यंत चढतात,
पाय दुसऱ्याच कुणाचे होतात.
मला माहीत होतं. मी बघत होते.
तरी सुटले.

सहा पावलं.
शेजारची लातूरची पोरगी सुटली
आणि माझ्या पायांनी तिचं ऐकलं.
बुटांपुढं हद्दीची रेघ,
आणि मागं, अजून कितीतरी मागं, वैजंता.
पिवळी बोटं पुढं ताणलेली,
तोंड उघडं,
नजर माझ्यावर नाही, बॅटनवरही नाही.

मी थांबले.
भर शर्यतीत उभी राहिले, नुसती,
फाट्यावर एसटीसाठी राहतात तशी.
लोक ओरडले. पाचही पोरी गेल्या.
इतक्या वेळ मी कुणाचाच चेहरा
पाहिला नव्हता तोवर,
आईचाही नाही.
ती आली. मी घेतली.
काढून घ्यावी लागली, बोटं सुटेनात तिची.

पुढं मी पळाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.
पाचव्या आलो. सहाव्यांची बॅटन पडली होती.

सर म्हणाले, कामून सुटलीस?
थांबलीस कामून, ते त्यांनी विचारलं नाही.
हातपंपाजवळ वैजंतानं दोनदा उलटी केली,
तोंड धुतलं,
ओल्या हातानं माझं मनगट धरलं.
मला वाटलं, म्हणाली, तू गेलीस.

बॅटन करुणाकडं राहिली.
तिच्या आईनं तिची फुंकणी केली.
एका टोकाला वितळली आहे,
मधला पिवळा भाग तसाच.
वैजंता सेनगावला दिली. फोन करते,
सणाला, किंवा तोही विसरते.

मी अजून घरातून निघताना
रस्त्याच्या वळणावर थांबून मागं बघते.
नवरा म्हणतो, नको बघूस, काम होत नाही.
नाही तर नाही.