येणे बाकी

पत्र सोमवारी आलं. दीड पान.
वर राज्याचा शिक्का, खाली
सही नव्हे, सहीचा ठसा.
डेलबर्टने चष्मा पुसून दोनदा वाचलं
आणि खाद्याच्या पोत्यावर ठेवून दिलं,
पालथं.

ऑल्डर फोर्कच्या काठी आमचं उबवणी केंद्र:
सोळा हौद, एक पंप, पत्र्याची शेड,
शेडमध्ये खणांची कपाटं, आणि खणांच्या अंधारात
चिनूक सॅमनची अंडी,
केशरी, वाटाण्याएवढी.
महिन्याभराने प्रत्येकात दोन काळे ठिपके उमटतात.
डोळे.
त्या दिवसापासून मी शेडमध्ये हळू बोलते.
का, ते विचारू नका. सव्वीस वर्षं झाली.

मेलेलं अंडं पांढरं पडतं. चिमट्याने उचलायचं,
नाहीतर बुरशी शेजाऱ्याला धरते.
उरलेल्यांचं जिरं होतं, जिऱ्याची बोटुकली,
आणि मग प्रत्येकीच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा
तो नखाएवढा पर कापायचा.
पर नसलेली आमची. पर शाबूत ती नदीची.
एवढ्याशा नखावर सगळा हिशेब:
कोणता मासा ठेवायचा, कोणता परत सोडायचा,
हंगाम कधी उघडायचा, कधी मिटायचा.

शरदात मी शिडीच्या काचेपाशी बसते,
उजव्या हातात नदीचे मोजते, डाव्या हातात आमचे.
झोपेतसुद्धा तुझे अंगठे हलतात,
नवरा म्हणायचा, होता तेव्हा.

विद्यापीठातून कॅलम ओस्टबी येतो, वहीला प्लास्टिक गुंडाळून.
म्हणतो, तुमचे मासे नदीच्या रक्ताला पातळ करतात.
हौदात वाढलेल्याला सावलीचं भय नसतं,
सावली पडली की त्याला वाटतं, खाऊ आला.
खोटं नाही त्याचं.
मी नुसता हात पुढे केला की पाणी उकळतं,
हजार तोंडं वर येतात.
बगळ्याचीही सावलीच असते.

लोरेटा जिम मात्र हसली नाही.
धरण बांधलं तेव्हा
तिच्या आजीच्या माणसांना कागद लिहून दिला होता,
नदी घेतो, मासे देत राहू.
कागद अजून तिच्याकडे आहे, बिस्किटांच्या डब्यात.
म्हणाली, हे केंद्र काय तुमचं दान आहे?
हप्ता आहे हा.
आणि हप्ता चुकवणाऱ्याला
पत्र कोण पाठवणार?

मला दोघांचंही पटतं. त्यामुळे झोप लागत नाही.

तीस जूनला पंप थांबेल.
शिडी कोरडी पडेल, तिच्यावरचं शेवाळ
आधी तपकिरी, मग कागदासारखं.
पण गेल्या वर्षीची तुकडी, त्याच्या आदल्या वर्षीची,
त्याच्याही आदल्या,
अलास्काच्या खाली कुठेतरी चरताहेत, जाड होताहेत,
आणि डोक्यात आमच्या पाण्याचा वास घेऊन हिंडताहेत.
त्यांना कुणी कळवलेलं नाही.
तीन वर्षांनी, चौथ्या, एखादी हट्टी पाचव्यासुद्धा,
पोटात गाभोळी घेऊन येईल
आणि बंद फाटकाला
डोकं लावून उभी राहील.
काचेच्या अलीकडे कुणी नसेल.
नदीचे किती आले, तेही मग कुणाला ठाऊक?
हंगाम उघडतील. अंदाजाने.

शुक्रवारी डेलबर्टने यादीचा तक्ता आणला, सरकारी, आखलेला.
हौद, सोळा. पंप, एक, जुना.
चिमटे, नऊ. मोजणी यंत्रं, दोन.
ती मी खिशातून काढून दिली.
आकडे शून्यावर नेले नव्हते,
त्याने पाहिलं, बोलला नाही.

तक्त्यात माशांची ओळ नव्हती.
तळाशी मी पेनने लिहिलं:
समुद्रात, लाखांनी. येणे बाकी.

डेलबर्ट म्हणाला, ओर्लीन, असा रकानाच नाही.
म्हटलं, पट्टी घे.
आख.