ऑस्करचा डबा

रंगकाम संपलं तेव्हा वॉचमन खाडेकडून
तीस रुपयांना घेतलेली वीस लिटरची बादली.
सळई गॅसवर तापवून तिला भोकं पाडली.
वास दोन दिवस घरातून गेला नाही
आणि कालिंदी दोन दिवस बोलली नाही.

खाली नारळाचा काथ्या, वर भिजवलेला पेपर
(निविदा, स्थळं, एक पुण्यस्मरण),
मग चहाचा चोथा, दुधीची सालं, काळं पडलेलं केळं.
लिंबू नाही. कांदा नाही. मीठ तर नाहीच.
"म्हणजे चातुर्मासच की," ती म्हणाली.
तिसऱ्या दिवशीचं तिचं पहिलं वाक्य.

बिबवेवाडीत, चौथ्या मजल्यावर, वॉशिंग मशीनच्या मागे
आता हजारेक जण राहतात.
हॉलमध्ये एकच.
वरचा भाडेकरू बंगळूरला जाताना
"काका, आठवडाभर" म्हणून ठेवून गेला,
त्याला चार वर्षं झाली.
तेव्हा बोटाएवढा होता, आता वहाणेएवढा.
काळा, अंगावर निखारे, तोंडावर कायम तक्रार.
दुकानातल्या गोळ्या तोंडात घेतो,
आमच्याकडे बघतो,
आणि थुंकतो.

एकतीस वर्षं कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होतो.
मुळशीकडून डबा भरून गांडुळं यायची,
मी मोजून वाटायचो, मुलामागे एक,
मेणाचा ट्रे, टाचण्या.
"हृदयं किती?" "सर, पाच जोड्या."
मी सर नव्हतो,
पण प्रॅक्टिकलच्या दिवशी मुलं कोणालाही सर म्हणतात.
पुढे ते बंद झालं. तक्ते आले, मग संगणक.
मग माझा निरोप समारंभ.
शाल कपाटात आहे.
श्रीफळाचा काथ्या बादलीत.

द्यायची असतात त्याच्या आदल्या रात्री
आठ-नऊ काढून ओल्या टिपकागदात ठेवतो,
पोट रिकामं व्हायला.
सकाळी ती आरपार, स्वच्छ,
रक्त तपासायला निघालेल्या माणसांसारखी
उपाशी आणि जरा गोंधळलेली.

संकष्टीला मात्र ऑस्करला काही नाही.
हा कालिंदीचा नियम. "घरात एकटाच कसा जेवेल?"
माशाला अधूनमधून लंघन मानवतं,
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

वैशाखात ट्रान्सफॉर्मर उडाला.
दिवसा एक्केचाळीस होतं, रात्री भिंती तापलेल्या.
दोनला उठलो तर बादलीच्या कडेवरून,
मशीनवरून, फरशीवरून
अख्खी वस्ती निघालेली.
मी मोबाइलचा उजेड धरला.
उजेड त्यांना सोसत नाही, माहीत आहे,
पण दुसरं होतं काय?

कालिंदी आली. खाली बसली.
एकेक उचलून तळहातावर घ्यायला लागली.
दीड वर्षात तिनं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.
"किती गार आहेत हो," म्हणाली.
मग थोड्या वेळानं, "एवढ्या उकाड्यात ही गार कशी?"
एकतीस वर्षांत हे कुणा मुलानं विचारलं नव्हतं.
मीही फक्त हृदयं मोजायला शिकवलं होतं.

पहाटेपर्यंत दोनशे तेरा. आकडा तिचा.
फ्रीझरातली, निम्मी वितळलेली बाटली
गोणपाटात गुंडाळून बादलीत ठेवली.

टिपकागदातली नऊ तशीच होती.
ती कुठेही गेली नव्हती.
सकाळी कालिंदी कागद उघडून ओट्यापाशी उभी.
"आणि ही?"
"त्याची."
ती चहा गाळायला लागली.
चोथा आज तिनंच नेऊन टाकला.

मी सहा घेतली.
तीन बादलीत परत सोडली, झाकण आवाज न करता लावलं.
ऑस्कर काचेशी आलेलाच होता.
एक, दोन, करत सहाही गेली.
त्याला मोजता येत नसावं.
तरी सातव्यासाठी तो
बराच वेळ थांबला.