पार्कवरची मॅटिंग

साखर पेठेत माग थांबले तरी
कानात खडखड चालूच राहते,
म्हणून आम्ही ओरडूनच भांडतो.

इरेश म्हणतो, आजचे पोरगे दीडशेनं टाकतात,
मोजून, यंत्रावर.
बोल्ली मामा बशीतला चहा फुंकतात :
"यंत्र कशाला लागतंय?
जाफर रंगारी टाकायचा तेव्हा
मॅटिंगचा काथ्या उडायचा, लका.
चेंडू दिसायचाच नाही.
धोट्यासारखा नुसता आवाज."

"मग तुमच्या किती?"
"चार."
"बॅटला लागून?"
मामा ओठ उचलून
दाताची मोकळी जागा दाखवतात.
"हिला लागून."

फॉर्मचं विचारू नका.
इरेशच्या लाडक्याचे सात डाव, एकतीस धावा,
तरी हा त्याच्यासाठी
शनिवार धरतो, खिचडी मात्र दोनदा खातो.

तेवढ्यात पलीकडच्या कडेला
जाफरचाचा. पिशवीत कडक भाकरी,
बोटांच्या पेरांत अजून निळा रंग.
रिक्षा जाते, टँकर जातो.
चाचा दोन पावलं पुढं येतात,
तीन मागं जातात,
पुन्हा थांबतात.

"रनअप मोजतोय,"
मामा हळूच म्हणतात
आणि हात
आपोआप तोंडावर धरतात.