पातळी

ब्युरेट वाचताना सरनोबत साहेब गुडघ्यात वाकायचे.
पाठीचे दोन मणके एकमेकांवर बसलेले, तरी.
डोळा आणि द्रवाची खालची कड
एका रेषेत आल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.
"वरनं बघितलं की कमी दिसतंय, चौगुले."
मी एकोणीसचा, सांगरूळचा, बी.एस्सी.ला नापास.
एका थेंबासाठी हा माणूस एवढा का झुरतो, कळायचं नाही.

त्यांची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना ठाऊक,
म्हणजे प्रत्येकाला वेगळी.
गव्हाणीवरचा बंडा सांगायचा, साहेबांनी सात विमानं पाडली.
टाइमकीपरच्या मते ते समुद्रात चार दिवस पोहत होते.
साहेब म्हणायचे, "तार धरायची असते. बाकी काही नाही."

ती तार त्यांनी एकदाच समजावली,
बॉयलर बसला त्या रात्री,
पॅनमध्ये साखर थिजत होती आणि फिटर यायचा होता.
टेबलावर चार सुतळ्या आडव्या ताणल्या,
काड्यापेटीचं विमान केलं.
"जहाज पळतंय. डेक वरखाली होतोय. शेपटीला आकडा.
पहिली तार घावली तर फार खाली आलास, वाचलास.
चौथी घावली तर उशीर.
एकबी न्हाई, तर पुन्हा आभाळ."
काड्यापेटी तिसऱ्या सुतळीवर ठेवून ते जरा गप्प झाले.
"एकाहत्तरला आमच्याही जहाजाचा बॉयलर तडकलेला,"
एवढं बोलून फिटर कुठं मेलाय ते बघायला उठले.

मणक्यांमुळं आभाळ सुटलं.
तिशी उलटल्यावर पोरांच्या बाकावर बसून
त्यांनी केमिकलची डिग्री घेतली. पोरं त्यांना मामा म्हणायची.

कागलच्या वाटेवर गुऱ्हाळ दिसलं की जीप थांबायची.
रानभेंडीचा चिकट रस काहिलीत पडला
की घाण कशी आपोआप वर येते, ते बघत उभे राहायचे.
गुळव्या पाक पाण्यात सोडून बोटांनी दाबायचा, म्हणायचा, "बास."
साहेब वहीत लिहून घ्यायचे:
वेळ, तापमान, बास.

मग त्या मार्चात घाटाखाली मासे पालथे झाले.
पांढरी पोटं, चहाच्या रंगाचं पाणी, पायऱ्यांना फेस.
पहाटे त्यांनी मला स्कूटरवर मागं घेतलं,
नमुन्याच्या बाटल्या माझ्या मांडीवर वाजत होत्या.
गंगावेशीत म्हशी पिळणं चालू होतं,
एरवी थांबायचे, त्या दिवशी नाही.

शेवटच्या पायरीवर उकिडवे बसले. बराच वेळ.
मग मला नाही, नदीला नाही,
हातातल्या बुचाला म्हणाले,
"तिकडं बंदर होतं. तेलाच्या टाक्या. खाडी.
मी दोनदा फिरून आलो वरनं.
धूर दिसला, सरळ, उंच. तोच रिपोर्टात लिहिला.
पाण्यात काय झालं,
ते दिसलं नाही."

संध्याकाळी डिस्टिलरीचा नाल्याकडचा व्हॉल्व्ह
त्यांनी स्वतः फिरवून बंद केला,
आणि त्याचं चाक काढून, डिकीत टाकून घरी नेलं.
चेअरमननी बोलावलं. काचेबाहेर आवाज आला,
एकट्या चेअरमनचाच.
काळ्या पाण्याचा तलाव बांधायला दोन हंगाम गेले,
बढती गेली, जीपही गेली.
चाकावर वहिनींनी शेवंतीची कुंडी ठेवली.

कुंडी अजून आहे. साहेब नाहीत.
लॅबमध्ये आता मीटर आहे, हिरवे आकडे आपोआप उमटतात,
तरी आठवड्यातनं एकदा मी ब्युरेट लावतो.
वाकताना माझे गुडघे वाजतात.
नवी केमिस्ट, मलकापूरची पोरगी, हसते.
"काका, उभ्यानं दिसत नाही का?"

दिसतं की, म्हणतो मी.
थोडं कमी.