एकशेऐंशी अंश

सड्यावर, गोदामामागे, आमची तीन मीटरची बशी.
समोर खाडीपलीकडे, दोनापावलाच्या टोकावर
एक लहानसा खांब एकच सूर धरून बसलेला,
सहा गिगाहर्ट्झ, ना गाणं ना बातमी.
कायतान चाक फिरवतो, मी आकडे वाचते.
पाव अंश. थांब. लिहिलं. पाव अंश.

ओहोटी बघून सुरू केलं, कारण भरतीला
पाणी वर चढून दुसरा किरण पाठवतं आरशातून,
आणि मग आलेखात समुद्रच जास्त, अँटेना कमी.
हे मला पुस्तकानं नाही, कायताननं शिकवलं.
भरतीचं कोष्टक त्याच्या पाकिटात असतं,
सां आंद्रेच्या चित्रामागे घडी घातलेलं.

शून्य अंशाला सगळं सोपं.
पॅराबोला दिलेला शब्द पाळतो,
किरण शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत.
मग बाजूच्या पाकळ्या, मोठी, लहान, त्याहून लहान,
मधल्या फटींत असा शुकशुकाट
की यंत्र स्वतःच्याच श्वासाला संदेश समजतं.
एकशेदहाच्या आसपास हॉर्नचं सांडणं:
दूध ओतताना ओट्यावर जातं तेवढं.
ते धरलेलंच होतं हिशेबात.

त्यानंतर सावली.
किरणांचं गणित म्हणतं, इथं काही नाही, घरी जा.
एकशेसत्तर: बहात्तर डेसिबल खाली.
एकशेऐंशी: पंचावन्न.

मी केबल हलवून बघितली. कनेक्टर पुसला.
कायतानला दोन अंश मागे नेलं, परत आणलं.
पंचावन्न.

काल रात्री चिखलीच्या खोलीत
काठावरून वळणाऱ्या किरणांचं सूत्र मांडलं होतं,
नेमक्या अक्षावर ते अनंत म्हणालं.
अनंत म्हणजे सूत्रानं हात वर करणं.
तिथून काठाचा प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर,
कुणा दोघांना वेगळं काढून विचारता येत नाही.
मग अख्खा परीघ चालावा लागतो
कापलेल्या पत्र्याच्या धारेवरून, बेरीज करत,
आणि पहाटे तीनला अनंत खाली उतरतं,
छप्पन्नवर येऊन थांबतं.
एक डेसिबल माझ्याकडे उधार.

कायतान आकडा बघतो, हसत नाही.
खाली बंदरात बोट दाखवतो:
ब्रेकवॉटरच्या आत, अगदी आडोशाला बांधलेली होडी
वर, खाली, वर.
भिंतीच्या टोकाला वळसा घालून लाट आत येते.
त्याच्या पायला म्हणे लागायची ती आडोशाचीच लाट,
उघड्या समुद्रात कधी नाही.
“बाय,” तो म्हणतो, “फाटल्यान लेगीत आयकूं येता.”

ग्राहकाला मात्र पाठ बहिरी हवी.
मागे त्यांचं रडार बसणार, करारात तसं लिहिलंय.
म्हणजे सोमवारी काठाला दाते पाडायचे,
करवतीसारखे, लहानमोठे,
बिंदूंचं आपसांत जमू नये म्हणून.
कात्री कायताननं कालच धार लावून ठेवलीय.
मला आणखी एकदा मोजायचंय, जसं आहे तसं.
तो पाकीट काढतो, घडी उलगडतो.
अकरा मिनिटं, म्हणतो. मग पाणी.